जर्मन बी-टू आणि ‘त्याला’चा घोळ

अकरावीला जर्मन घेतलंय, युरोपीय भाषा-पायऱ्यांतली बी-वन हातात आहे आणि बारावी संपेस्तोवर तिच्या वरची बी-टू गाठायचीय, असं धरून लिहितोय. वही-पेन्सिलीच्या गोष्टी सांगत बसणार नाही.

नाम पाठ करताना लिंग आणि अनेकवचन सोबतच पाठ करा. नुसतं ‘टिश’ (टेबल) लिहिलेलं कार्ड फाडून टाका. मराठीतली लिंगं तिकडे चालत नाहीत. आपला सूर्यनारायण तिथे बाई, ‘डी झोने’. मुलगी मात्र नपुंसकलिंगी, ‘डास मेडशन’. कोकणीत ‘तें चेडूं’ ऐकत वाढलेल्यांना त्याचं नवल वाटू नये.

ऐकण्यासाठी फोंडा-पणजी बसमध्ये डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावा. तीच बातमी दोनदा.

‘वाक्य आधी इंग्रजीत जुळवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. ‘वाइल इश गेस्टर्न इन पणजी वार’, म्हणजे ‘कारण मी काल पणजीत होतो’. ‘वाइल’नंतर क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीतून गेलात की ते मध्येच घुसतं.

आता विभक्ती. इथे मराठी दगा देते. शाळेत घोकलेला तक्ता आठवा: द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीलाही ‘स, ला, ते’. आपल्या एका ‘त्याला’चे जर्मनमध्ये दोन होतात, ‘ईन’ आणि ‘ईम’. ‘मी त्याला बघतो’ इथे द्वितीया, ईन. ‘मी त्याला पुस्तक देतो’ इथे चतुर्थी, ईम. मला कुणीतरी सांगितलं होतं, माणसाला ‘ला’ लागला की सरळ चतुर्थी लाव. त्या सल्ल्यापायी माझं एक अख्खं वर्ष लाल शाईत गेलं.

मग मी एक खूण धरली. मराठी क्रियापदाच्या पोटात एखादी वस्तू आहे का पाहा. ‘मदत करणे’मध्ये मदत आहे, ‘उत्तर देणे’मध्ये उत्तर. द्वितीयेची जागा त्या वस्तूने आधीच अडवलेली, म्हणून माणूस चतुर्थीत: ‘इश हेल्फे ईम’, ‘इश आंटवोर्टे ईम’. ही खूण बरीच कामं करते, पण काही ठिकाणी तोंडघशी पाडते. ‘त्याला प्रश्न विचारतो’ म्हणजे ‘इश फ्रागे ईन’. आणि ‘त्याला फोन करतो’ म्हणजे ‘इश रूफे ईन आन’. तोंडी परीक्षेत मी ठणकावून ‘इश रूफे डिअर आन’ म्हणालो होतो. ‘तुला’साठी चतुर्थीतलं ‘डिअर’ नको, द्वितीयेतलं ‘डिश’ हवं होतं. समोरच्या बाईंनी नुसत्या भुवया उचलल्या, त्या अजून दिसतात.

म्हणून क्रियापद सुटं पाठ करू नका. ‘येमांडेम हेल्फन’ (कुणाला मदत करणे), ‘येमांडन फ्रागन’ (कुणाला विचारणे) असं माणसासकट लिहा. रोज पाच पुरेत, पण प्रत्येकाचं एक वाक्य घरातल्या माणसावर रचा. आईवर नको, तिथे ‘ईन’चं ‘झी’ होतं. बाबांवर रचा.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-टू परीक्षेतल्या लेखनात 75 मिनिटांत दोन मजकूर असतात: साधारण 150 शब्दांत मत आणि 100 शब्दांत औपचारिक निरोप. 100 पैकी 60 गुणांना पास. शेवटची दहा मिनिटं राखून प्रत्येक ईन, ईम आणि नामाआधीच्या डेन, डेमखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि क्रियापदाशी ताडून पाहा. नवीन काही लिहू नका.

बोलण्यासाठी रोज दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. लाज आठवड्याभरात जाते.

‘आनरूफन’पाशी, म्हणजे ‘फोन करणे’पाशी, मी आजही अडखळतो. घाई असली की ‘फोन करतो’ न म्हणता ‘लिहितो’ म्हणतो: ‘इश श्राइबे डिअर’. तिथे चतुर्थीच लागते.