बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर परत उभा करताना

आमच्या तासगाव भागात जुना छोटा ट्रॅक्टर कुठं मिळतो म्हणाल तर बेदाणा शेडच्या मागं, मोडक्या फवारणीच्या ब्लोअरच्या शेजारी, वर शेडनेटचा फाटका तुकडा टाकलेला आणि सीटवर कोंबडी बसलेली. आमचा पण तसाच होता. तीन सिलिंडरचा, अठरा-एकोणीस एचपीचा, आप्पांनी द्राक्षबाग लावली तेव्हा घेतलेला, नंतर मोठा ट्रॅक्टर आला आणि हा मागं गेला तो गेलाच. तीन वर्षांपूर्वी भंगारवाला दारात आला तेव्हा मी म्हटलं थांबा, हा मी करतो. आप्पा हसले. तेव्हापासून आमचा एक आणि गावातल्या लोकांचे दोन असे तीन उभे केलेत, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो, बागेतला ट्रॅक्टर कामानं मरत नाही, औषधानं मरतो. नांगरटीचा ट्रॅक्टर बघा, इंजिन गेलेलं असतंय पण पत्रा धड असतोय. बागेतल्याचं उलटं. इंजिनाला दम असतोय पण बॅटरीचा ट्रे खाल्लेला, मडगार्ड खालनं कुजलेलं, रेडिएटरच्या जाळ्या चुरा, वायरिंग हिरवं पडलेलं. कारण साधं आहे. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, करताना आपण विळा बुडवून बघतो की नाही, विळ्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय म्हणून? ते तांबूस म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतंय आणि तेवढं लोखंड विरघळून पाण्यात जातंय. विळ्याचं होतंय तेच ट्रॅक्टरचं होतंय, फक्त विळा आपण पुसतो आणि ट्रॅक्टर तसाच शेडात लावतो. त्यात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोलीला लागून ट्रॅक्टर उभा असला तर संपलंच, तो धूर ओलाव्यात मिसळला की आम्ल होतंय आणि उघड्या लोखंडावर बसतंय. म्हणून ट्रॅक्टर घ्यायला गेलात तर आधी इंजिन ऐकू नका, आधी खाली वाका. बॅटरीखाली, सीटखाली, पाय ठेवायच्या पाट्याखाली स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर पत्र्याचं काम धरून चाला.

कुठला घ्यावा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मित्सुबिशी शक्ती १८० डी आपल्याकडं बागांतनं भरपूर फिरले, ३ सिलिंडर ९०० सीसी, बंगळूरच्या व्हीएसटीचा, ही १९६७ सालची कंपनी पॉवर टिलर पण करते. पार्ट मिळायला हा सोपा. आयशरचा एक सिलिंडरवाला एअर कूल्ड मिळाला तर मजा वेगळीच, आयशरनं फरिदाबादला १९५९ साली ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली त्या घराण्यातला, रेडिएटरच नाही त्यामुळं पाणी, होस, पंप सगळी कटकट गेली, आणि आवाज असा की शेजारच्या वस्तीवर कळतंय कोण आलं. पण तो बागेत मांडवाखाली बसत नाही, आकारानं मोठा आहे. माझं मत विचाराल तर पहिला ट्रॅक्टर आपल्या घरचा किंवा भावकीतला घ्या, त्याचा इतिहास माहीत असतो.

कागद बघा. आरसी बुक नसेल तर मी हात लावत नाही. सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कराड एमएच ५०, नंबर कुठलाही असू दे पण चेसिस नंबर घासून साफ करून पेन्सिलीनं कागदावर छाप घ्या आणि बुकाशी जुळवा, इंजिन नंबर पण. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं आरटीओत तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. आणि रंग बदलणार असाल किंवा दुसरं इंजिन बसवणार असाल तर त्याची नोंद बुकात करावी लागते, हे बऱ्याच जणांना पेंटरचं बिल दिल्यावर आठवतं.

आता ट्रॅक्टर घरी आला. इथं सगळे एकच चूक करतात, नवी बॅटरी आणतात आणि सेल्फ मारतात. मारू नका! पाच-सात वर्षं उभं असलेलं इंजिन आहे, आत रिंगा चिकटलेल्या असू शकतात, ऑईलमध्ये पाणी असू शकतं. आधी ऑईल काढा आणि बघा, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावून हातानं फिरवून बघा. फिरलं तर देवाचे आभार. नाही फिरलं तर नोझल (डिझेल फवारतात ते) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ ऑईल मिसळून सोडा आणि आठवडाभर घाई करू नका, रोज संध्याकाळी थोडं मागं-पुढं हलवायचा प्रयत्न करा, लांब पाईप लावून जोर करू नका, काहीतरी तुटेल. आमचा बाराव्या दिवशी सुटला. आप्पांनी त्याआधी दोनदा सांगितलं होतं, "अरं लेका, दोरी बांधून मोठ्या ट्रॅक्टरनं वढ की." ओढला असता तर रॉड वाकला असता.

डिझेल टाकी काढून धुवा. आत गंज असेल तर मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून टाकी हलवा, ओता, परत घाला, स्वच्छ निघेपर्यंत. फिल्टर नवे टाका. पंप आणि नोझल पंपवाल्याकडंच द्या, घरी खोलू नका, तिथं मायक्रॉनचं काम आहे. आणि नोझलचा फवारा बघताना हात, बोट पुढं आणू नका, त्या प्रेशरनं डिझेल कातडीतनं आत घुसतं आणि बोट काढायची पाळी येते, वरनं नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही.

एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायचा क्रम लक्षात ठेवा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, बुडबुडे बंद होऊन डिझेल सलग आलं की कसा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, थेंब आले की एकेक कसा. आमच्याकडं निम्मे ट्रॅक्टर "पंप गेलाय" म्हणून विकले जातात आणि असते ती एअर, वॉशर जुने असतात म्हणून परत परत धरते. तांब्याचे वॉशर नवे टाका, किंमत काही नाही.

पहिल्यांदा चालू करताना एक फळी हाताशी ठेवा, हे कुणी सांगत नाही. खूप दिवस उभ्या पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, अडकलेला असला तर इंजिन एकदम फुल रेसला जातं आणि किल्ली बंद करून, वायर ओढून काही होत नाही, डिझेल इंजिन आहे, करंटवर चालत नाही. तेव्हा एअर क्लीनरचा पाईप आधीच काढून ठेवायचा आणि तोंडावर फळी दाबून धरायची, हवा बंद की इंजिन बंद. हात लावू नका, ओढून घेतो. माझ्यावर एकदाच वेळ आली, दुसऱ्या ट्रॅक्टरला, पण त्या पाच सेकंदांत घाम फुटला.

चालू झाला की धूर बघा. काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, एअर क्लीनर बघा, नोझल बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा थोडा वेळ येऊन गेला तर ठीक, येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं तर हेड पॅकिंग. मग ऑईल भरायचं झाकण उघडून बघा, तिथनं फुकफुक धूर मारत असेल तर रिंग-पिस्टनचं काम आलं. इंजिन उघडलंच तर हेड (वरचं झाकण) वर्कशॉपमधनं सपाट करून घ्या, व्हॉल्व्ह लॅपिंग करा, म्हणजे घासून नीट बसवा, हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानंच, मधून बाहेरच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत कसा. "हाताला अंदाज आहे" म्हणणारे मिस्त्री मला आवडतात पण हेडला हात लावू देत नाही.

खोलताना मोबाईलवर फोटो काढत चला, प्रत्येक नट सोडायच्या आधी. बोल्ट डब्यात टाकून डब्यावर नाव लिहा. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर आधी किंचित कसायचा, मग सोडायचा, विचित्र वाटतं पण गंजाची पकड तशीच मोडते. तरी नाही सुटला तर आजूबाजूचा भाग गरम करा, पण डिझेल टाकी आणि नळ्या काढूनच. ट्रॅक्टर जॅकवर ठेवून खाली शिरू नका, लाकडी ओंडके लावा, चाकाला अडण लावा, आणि लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली तर कधीच नाही.

बीडाचा (ओतीव लोखंडाचा) पार्ट तुटला तर घाबरू नका, या बाबतीत आपण नशीबवान आहोत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, किर्लोस्करवाडी, तेव्हापासून सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ओतकाम जाणणारी माणसं आहेत. तुटलेला ब्रॅकेट नेऊन दिला की तसाच ओतून मिळतो. मॅनिफोल्डला चीर असेल तर बीडाचं वेल्डिंग जाणणारा शोधा, तो आधी पार्ट तापवतो, निकेलचा रॉड वापरतो आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू गार करतो. जो थेट रॉड लावतो त्याच्याकडनं परत आणा, शेजारी नवी चीर पडणार.

वायरिंग जोडत बसू नका. हिरवं पडलेलं वायरिंग आतपर्यंत हिरवं असतं, सगळं नवं टाका. अर्थिंगची पट्टी चेसिसला बसते ती जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, सेल्फ फिरत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत निम्म्या इथल्याच. हिटर प्लग बाहेर काढून टेस्ट लॅम्पवर बघा, तीनपैकी दोन मेलेले असले की थंडीत ट्रॅक्टर छळतो.

पुढच्या एक्सलचे बुश, किंगपिन हे सगळं पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं की कळतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

रंग. आधी धुणं. इंजिन गार असताना धुवा, गरम पंपावर गार पाणी मारलं तर पंप जाम होऊ शकतो. पत्र्यावरचा हिरवा-पांढरा थर आधी पाण्यानं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं काढा, नाहीतर नव्या रंगाखाली तोच थर परत काम सुरू करतो आणि वर्षात फोड येतात. आमच्या पहिल्या बॉनेटला आले. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी प्राइमर, रात्रभर ठेवला तर पहाटेच्या दवानं गंज येतो. लांबी (पुट्टी) अगदी पातळ, खड्डा खोल असेल तर पत्रा ठोकून वर आणा, लांबीनं भरू नका, ट्रॅक्टर थरथरतो आणि पोपडा निघतो. मूळ शेड हवी तर टूलबॉक्सच्या मागं किंवा डॅशबोर्डखाली बघा, तिथं ऊन लागलेलं नसतं, तो तुकडा दुकानात दाखवून रंग जुळवून घ्या. मारायला सकाळची वेळ घ्या, दुपारी आमच्या माळावर वारा सुटतो आणि सगळी धूळ रंगात. रिकामी बेदाणा शेड यासाठी भारी, चारी बाजूनं शेडनेट ओलं केलं की धूळ थांबते. फक्त बेदाण्याचा सिझन संपल्यावर महिना-दोन महिने जाऊ द्या आणि नंतर शेड धुवा, थिनरचा वास बेदाण्याला लागला तर घरचे तुम्हाला बाहेर झोपवतील. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वराकडं राहत असाल तर जून ते सप्टेंबर रंगाचं नाव काढू नका.

मनासारखं बदलायचं असेल तर माझा नियम एवढाच की मूळ चेसिसला भोक पाडायचं नाही, जे लावायचं ते आधीच्या भोकांत, आणि काढलेला मूळ पार्ट तेल लावून पोत्यात. मी सायलेन्सर आडवा खालनं घेतलाय कारण उभा मांडवाच्या तारेला अडकायचा. सीटची स्प्रिंग बदलली, एलईडी लावल्या. छत लावाल तर लावा पण ट्रॅक्टर उलटला तर ते छत वाचवत नाही, ते उन्हासाठी आहे, उतारावर तसंच वागा. पीटीओचं, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं, झाकण मात्र लावाच, ५४० आरपीएमला फिरणारा शाफ्ट धोतराचा सोगा कधी धरतो कळत नाही.

राखायचं कसं? महिन्यातनं एकदा दहा मिनिटं उभ्याउभ्या चालू ठेवायचा हा प्रकार बंद करा, इंजिन पूर्ण तापत नाही आणि आत ओलावा धरतो. अर्धा-पाऊण तास रानात फिरवून आणा. टाकी भरलेली ठेवा. रेडिएटरला बोअरचं पाणी नको, आमच्या किटल्यांत बघा किती खार बसतो, तोच आत बसतो, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. ऑईल बाथ एअर क्लीनरचं ऑईल धुळीच्या दिवसांत वरचेवर बदला. ऑईल तास भरले नाहीत तरी वर्षातनं एकदा बदलाच. निपल मोजून ठेवा, किती आहेत ते माहीत असलं की ग्रीस मारताना एखादा सुटत नाही.

बेंदराला आमचा बैलांच्या मागं उभा असतो, शिंगं नाहीत म्हणून सायलेन्सरला बेगड. परवा मोठा ट्रॅक्टर गॅरेजला होता तेव्हा आप्पांनी विचारलं, एक फवारणी ह्याच्यावर मारू का. म्हटलं मारा, पण त्याच संध्याकाळी तुम्ही धुवायचा, सोड्याच्या पाण्यानं, खालनं वाकून. गप बसले.