परदेशात आरोग्यसेवेला जाताय? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

शिबिर संपतं, टेबलं आवरली जातात, गटाचा फोटो निघतो. सकाळी ज्या बाईंचं बीपी १८०/११० निघालं होतं, त्या एव्हाना पायी घरी पोहोचलेल्या असतात. त्यांच्या हातात चिठ्ठी असते, ‘डॉक्टरांना दाखवा’. चिठ्ठी त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत आहे. सगळ्यांत जवळचा डॉक्टर कुठे बसतो, तिथे जायला काय खर्च येतो, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्यार्थिनीलाही ठाऊक नाही.

परदेशातल्या वस्तीत सेवा द्यायला जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींची तळमळ खरी असते, मला त्याबद्दल शंका नाही. पण तुम्ही दोन-चार आठवड्यांनी परतणार आणि पेशंट तिथेच राहणार, एवढी एक गोष्ट नजरेआड झाली की चुका सुरू होतात.

तपासायचं, पण पुढे कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. पहिल्या पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा (कफ) बांधण्याआधी स्थानिक आरोग्य केंद्राच्या नर्सबरोबर बसा आणि विचारून घ्या: आकडा किती आला की पाठवायचं? कोणाकडे? तिथे औषध मिळतं का, आणि महिन्याभरानंतर पुन्हा मिळेल का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती तपासणी शिबिरात ठेवू नका. ज्या आजारावर त्या भागात औषधच मिळत नाही, तो शोधून काढून सांगितल्याने घरच्यांच्या पदरात फक्त काळजी पडते.

नोंदीही तुमच्या वहीत नकोत, केंद्राच्या रजिस्टरमध्ये व्हायला हव्यात. टेबलाशी स्थानिक आरोग्य कार्यकर्ती बसलेली असू द्या. १९७८च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेतल्या अल्मा-आता जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग मध्यभागी ठेवला, त्याचा प्रत्यक्षातला अर्थ हाच. नेपाळमध्ये १९८८पासून गावातल्याच स्वयंसेविका हे काम करत आल्या आहेत. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणी गोळ्या मध्येच सोडल्या, हे अशा बाईला विचारावं लागत नाही. तुम्ही गेल्यावर त्या १८०/११० वाल्या बाईंच्या दारात तीच जाणार आहे.

‘इथे चालतं’ म्हणून हात घालणं

टाके घालणं, सलाईनची सुई लावणं, बाळंतपण करणं. कॉलेजच्या वॉर्डात ज्याला अजून परवानगी मिळालेली नाही, ते परदेशात ‘तू कर की’ म्हणून पुढ्यात येतं. शिकायची हौस असते, मनुष्यबळ कमी असतं, आणि नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. तरीही नाहीच म्हणायचं. जे शिकलात आणि ज्यात तुमची परीक्षा झाली आहे, तेवढंच करायचं, तेही देखरेखीखाली. गरीब वस्तीतल्या माणसाचं शरीर सरावासाठी नसतं.

ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून वाक्य आधीच पाठ करा आणि शक्यतो तिथल्या भाषेत करा: ‘मी विद्यार्थिनी आहे, हे मला अजून शिकवलेलं नाही. तुम्ही करा, मी शेजारी उभी राहून मदत करते.’ पांढरा कोट दिसला की लोक डॉक्टर समजतात. तेव्हा छातीवरच्या बिल्ल्यावर ‘विद्यार्थी’ हा शब्द तिथल्या लिपीत, मोठ्या अक्षरात हवा.

कागदांचं थोडक्यात सांगते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर विनामोबदला सेवाही चालत नाही आणि पेशंटला हात लावायला तिथल्या नर्सिंग परिषदेची किंवा आरोग्य खात्याची तात्पुरती परवानगी लागते. नेणाऱ्या संस्थेकडून ती लेखी मागा. ‘आम्ही सगळं बघतो’ एवढंच उत्तर आलं, तर जाऊ नका.

आकडा वाचला, एकक वाचलं नाही

ग्लुकोमीटरवर १५ दिसलं. मिलिग्रॅममध्ये साखर मोजायची सवय असलेली विद्यार्थिनी घाबरते, साखर पार खाली गेली म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजते. मशीन मात्र मिलिमोलमध्ये मोजत होतं. १५ म्हणजे आपले २७०. मिलिमोलला १८ने गुणलं की डेसिलिटरमागे किती मिलिग्रॅम ते मिळतं. उपाशीपोटीचे ७ म्हणजे १२६, जिथून मधुमेह धरतात. मशीन हातात घेताच एकक बघा आणि आकडा पेशंटच्या दिसण्याशी ताडून पाहा. साखर खरोखर १५ मिलिग्रॅम असलेला माणूस सहसा तुमच्यासमोर बसून शांतपणे गप्पा मारत नाही.

वजनाचंही तसंच. काटा पौंडात असेल, तर २२चा आकडा म्हणजे १० किलोचं मूल. किलो समजून डोस काढलात, तर तो दुपटीहून जास्त होतो. औषधांची नावंही फिरतात: पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन एकच, साल्ब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल एकच, ॲड्रेनालिन आणि एपिनेफ्रिनही एकच. दोन नावांच्या दोन गोळ्या एकाच माणसाला दिल्या की तेच औषध दोनदा जातं. तारखेत ०५/०६ लिहू नका, महिना अक्षरात लिहा.

ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यासाठी ते छापलेलं असतं. एक लिटरचं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ढवळलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं, आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाला ते धोक्याचं. घरात लिटरचं माप कोणतं, हे आईला विचारा, तिच्याच भांड्यात तिच्याच हाताने एकदा करवून घ्या.

बीपीला घाई नको. पेशंटला पाच मिनिटं टेकून बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर, पाय जमिनीवर, बोलणं बंद. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच वाढतो. चालत आलेल्या माणसाचं उभ्या-उभ्या बीपी मोजून त्याला रक्तदाबाचा रुग्ण ठरवू नका.

मुलाला दुभाषा करणं

शाळेत जाणारं मूल दोन्ही भाषा बोलतं, म्हणून त्यालाच मध्ये बसवलं जातं. आई मग पाळीबद्दल, मारहाणीबद्दल, गर्भपाताबद्दल तोंड उघडत नाही. प्रौढ दुभाषा ठेवा, आणि बोलताना नजर पेशंटकडे ठेवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. ‘घरी गोळी कशी घ्याल, मला सांगा’ असं विचारा.

आपल्या शरीराकडे दुर्लक्ष

२०१०च्या भूकंपानंतर हैतीत कॉलरा पसरला आणि सुमारे १०,००० माणसं गेली. मदतीला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या सांडपाण्याकडे पुरावे बोट दाखवत होते. संयुक्त राष्ट्रांनी आपली भूमिका मान्य करायला २०१६ उजाडलं. मदतीला येणारा माणूस आजार घेऊन येऊ शकतो. म्हणून जुलाब, ताप, अंगावर पुरळ असं काही असेल तर कामावर जायचं नाही, गटाला कितीही अडचण होवो.

हिपॅटायटिस बीचे डोस साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, तेव्हा तयारी निदान सहा महिने आधी. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, विमानाच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लशीचा उपयोग नाही.

वापरलेली सुई टोचली, तर पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि ताबडतोब पर्यवेक्षकाला सांगा. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. लाजेने दोन दिवस गप्प राहिलात तर ती वेळ निघून जाते. ही औषधं कोणत्या दवाखान्यात आहेत, हे पोहोचलात त्याच दिवशी विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. पेशंटला औषध देताना डोस चुकला तरी हेच: लगेच सांगा. पेशंट नजरेसमोर असतो तोवर बरंच काही सावरता येतं.

निघताना

उरलेली औषधं पिशवीत भरून केंद्रात ठेवून येऊ नका. दान दिलेल्या औषधांची मुदत पोहोचताना किमान एक वर्ष उरलेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. केंद्राला काय हवं ते आधी विचारा. पेशंटचे, विशेषतः मुलांचे, फोटो फोनमध्ये असतील तर पुसून टाका. शेवटचा अख्खा दिवस रजिस्टरसाठी राखून ठेवा. पुढे पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव कार्यकर्तीबरोबर एकेक करून वाचा: कोण पोहोचलं, कोण नाही, कोणाच्या घरी कधी जायचं.

आणि परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर तो अंगावर काढू नका. मलेरिया उशिरानेही डोकं वर काढतो. डॉक्टरांकडे गेल्यावर लक्षणांच्या आधी सांगा की तुम्ही कोणत्या देशात, कधी होतात.