साहेबांना सीएसआरमधे इंटरेस्ट कसा आणायचा

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका प्लांटमधे एचआरला आहे आणि दरवर्षी फेब्रुवारी लागला की आमच्याकडे एकच बोंब, "अरे तो सीएसआरचा पैसा संपवा बे लवकर". सीएसआर, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च, तो संपवा! म्हणजे साहेबांच्या लेखी हा पण एक टॅक्सच, भरला की सुटलो. तुमचे साहेबही असेच असतील तर पुढचं वाचा, मी चुका करूनच शिकलोय.

पहिले तर समाजसेवेचं लेक्चर देऊ नका, उलटं पडते. साहेब मनाने वाईट नसतात हो, त्यांच्या केआरएमधे, म्हणजे ज्या कामांवरून त्यांना मार्क मिळतात त्या यादीत, प्रॉडक्शन असते, सेफ्टी असते, सीएसआर कुठेच नसतो, मग ते काहून डोकं लावतील.

कायदा मात्र पाठ करून जा. कंपनी कायदा 2013, कलम 135. नेटवर्थ 500 कोटी, टर्नओव्हर 1000 कोटी किंवा नेट प्रॉफिट 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के खर्च करावे लागतात. 2014 पासून आहे हे, तरी फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च यात बसवायला बघणारे अजून आहेतच, नाही चालत भाऊ ते. आणि पैसा उरला की चालू प्रोजेक्टचा असेल तर 30 एप्रिलच्या आत वेगळ्या अनस्पेंट अकाउंटला, नसेल तर वर्ष संपल्यावर सहा महिन्यात कायद्याच्या शेड्युल सातमधल्या एखाद्या सरकारी फंडात. तिथे आपल्या नावाचा बोर्ड लागत नाही म्हटलं की साहेब खुर्चीत सरळ बसतात.

आता खरी गोष्ट. त्यांना जुन्या कामावर घेऊन जा, कॅमेरा न घेता. आम्ही मार्चमधे, सकाळची शाळा चालू असताना, एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो, तिथे दोन वर्षांआधी वॉटर कूलर दिला होता. आमच्या नावाची पाटी एकदम चकाचक, पण प्लग काढलेला, वर खडूचे डबे, आणि पोरं घरून बाटल्या भरून आणून राहिले होते. बाई म्हणाल्या, "लाइटबिल कोण भरते सर?" साहेब मूळचे मेंटेनन्सचे. त्यांनी मागचं जाळीचं कव्हर बघितलं, बोट फिरवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एएमसी नव्हती केली का?" म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. मी गप. दोन वर्षांत सीएसआरबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

तेव्हापासून मी प्रपोजल त्यांच्याच भाषेत नेतो, मशीन कोण चालवेल, कोण दुरुस्त करेल, बंद पडलं तर फोन कोणाला. काम करणारी संस्था निवडताना तिची इन्कम टॅक्सची 12ए, 80जी नोंदणी आणि सीएसआरचं काम घ्यायला लागणाऱ्या सीएसआर-1 नोंदणीचा नंबर तेवढा बघून घ्या, बाकी अकाउंट्सवाले सांगतात. आणि फाइल जूनमधेच टेबलवर टाका, कारण फेब्रुवारीत कोणत्याही साहेबाला कूलरच सुचतो.