स्टिअरिंग हातातून सटकतंय? कव्हर घ्यायच्या आधी हे वाचा

स्टिअरिंग गुळगुळीत झालं की सगळे आधी कव्हरच शोधायला लागतात. जरा थांबा. बऱ्याचदा स्टिअरिंग झिजलेलं नसतंच, हाताचा घाम, क्रीम, सनस्क्रीन, सॅनिटायझर असं सगळं मिळून त्यावर तुकतुकीत थर बसतो आणि आपण म्हणतो वा, लेदरला काय चमक आलीये. अहो तो मळ आहे! पांढरं ओलं फडकं घ्या आणि जिथे हात कायम असतो तिथे दोनदा दाबून फिरवा, फडकं काळपट पिवळं झालं की समजा.

गाडी बंद करून कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन-चार थेंब टाका, मायक्रोफायबर कापड बुडवा आणि अगदी घट्ट पिळा, कारण पाणी बटणांत शिरायला नको. थोडा थोडा भाग घेऊन पुसा, शिवणीत मऊ टूथब्रश हलक्या हाताने. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढायचा, हे बरेच जण विसरतात आणि साबण राहिला की परत चिकट. शेवटी कोरडं पुसून वाळू द्या. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, वरचं कोटिंगच निघून येतं.

आणि डॅशबोर्डचं पॉलिश स्टिअरिंगला नको म्हणजे नको. मी उत्साहात मारलं होतं, दिसायला एकदम नवंकोरं, पण पहिल्याच वळणाला हात असा घसरला की पोटात गोळा आला, त्यातलं सिलिकॉन काढायला मग तीनदा धुवावं लागलं.

धुऊनही सटकत असेल किंवा वरचा थर सोलला असेल तरच कव्हर. सैल कव्हर मात्र गुळगुळीत स्टिअरिंगपेक्षा वाईट, तुम्ही वळवता तेव्हा कव्हर फिरतं आणि चाक तिथंच. त्यामुळे आधी टेपने स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास मोजा, बऱ्याच कारमध्ये तो 37-38 सेंमी भरतो पण अंदाजाने घेऊ नका. चढवायच्या आधी कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवलं की नरम पडतं. बसवल्यावर दोन्ही हातांनी पिळून बघा, जरा जरी सरकलं तरी परत करा. माझं मत विचाराल तर सुई-दोऱ्याने शिवायचं कव्हर बेस्ट, बोटं दुखतात शिवताना, पण हलत नाही. मधल्या एअरबॅगच्या भागावर काहीही चढवायचं नाही.

ग्लोव्हज घालणार असाल तर तळव्याला लेदर असलेले घ्या, साधे कॉटनचे उलट घसरतात.

आता हात दुखण्याचं. सटकतंय म्हणून आपण आवळून धरतो आणि अर्ध्या तासात बोटं आखडतात. हात घड्याळातल्या 9 आणि 3 वर ठेवा, पकड हलकी. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल, म्हणजे चालवताना कोपर आपोआप थोडं वाकलेलं राहतं. ठराविक स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या, जड लागत असेल तर आधी टायरमधली हवा बघा. आणि गाडीतून उतरल्यावरही बोटांना मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरला दाखवा, तिथे कव्हर बदलून काही होणार नाही.