पिशवीआधीचं एव्हिल

मेडिसिनला जेआर-१ (पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर) असताना रक्ताची पिशवी वॉर्डात आली की माझा हात आपोआप लिहायचा : इंज. एव्हिल, इंज. हायड्रोकॉर्ट १००. एक अ‍ॅलर्जीचं, दुसरं स्टिरॉइड; रक्ताची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून. शिकवलं कुणीच नव्हतं. आधीच्या केसपेपरवर होतं, मी उतरवलं. तुम्हीही तेच करत असाल.

केजकडची एक आजी होती. हिमोग्लोबिन ५.२, शुगरचा जुना त्रास. पोरानं दोन मित्रांना गाडीवर बसवून आणलं, त्यांनी रक्त दिलं, तेव्हा कुठे पिशवी हाती आली. रात्री साडेदहाला दोन्ही इंजेक्शनं देऊन पिशवी लावली आणि मी निर्धास्त कॅज्युअल्टीला गेलो. जाताना पोरगा म्हणाला, "सर, आईला झोप लागलीय बघा." मलाही बरंच वाटलं.

दोन वाजता सिस्टरचा फोन. आजी बरळतेय, सुई ओढतेय. शुगर ३८६. आता ही रक्ताची रिअ‍ॅक्शन, एव्हिलची गुंगी, की स्टिरॉइडनं चढलेली शुगर? सांगता येईना. उरलेली पाव पिशवी थांबवून रक्तपेढीला पाठवली. गट, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटशी जुळतं का ही तपासणी) सगळं बरोबर निघालं. चार्टवर मात्र पहिल्या १५ मिनिटांच्या ताप-नाडी-बीपीचा रकाना कोरा. तो मी भरायचा होता.

खरा फास तो रकाना. इंजेक्शन दिलं की आपल्याला वाटतं, बंदोबस्त झाला. पेशंट झोपतो, आपण सरकतो. चुकीच्या गटाचं रक्त असो की जंतू शिरलेली पिशवी, पहिली खूण बहुधा ताप, थंडी, कंबरदुखी. सोबत पॅरासिटामॉल दिलं असेल तर ते ताप झाकतं आणि झोपलेली आजी कंबर दुखतेय म्हणून सांगत नाही. बरं, फायदा तरी? २०१० च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) अशा आगाऊ औषधांनी ताप किंवा अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन कमी झाल्याचं दिसलं नाही. हायड्रोकॉर्टचा असर यायलाच काही तास लागतात. पिशवीच्या दहा मिनिटं आधी देऊन काय साधतं?

सीनियर म्हणेल, "देऊन टाक रे, काय बिघडतं?" या वाक्यावर माझा राग आहे, असो. वाद घालू नका. "याला आधी रिअ‍ॅक्शन आली होती का?" एवढंच विचारा. पेशंटलाही विचारा : मागे रक्त चढवताना थंडी वाजली होती का, अंगावर गांधी उठल्या होत्या का? हो म्हणाला तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपेढीशी बोला. वारंवार ताप येणाऱ्याला पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त एव्हिलपेक्षा कामाचं. थॅलेसेमियाची (रक्ताचा जन्मजात आजार) लेकरं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतात, त्यांच्या आयांना हा इतिहास आपल्या फाईलपेक्षा पक्का ठाऊक असतो.

पहिल्यांदा इंजेक्शनाविना पिशवी लावली तेव्हा माझे हात गार पडले होते. तुमचेही पडतील, चालतं. खुर्ची ओढून १५ मिनिटं बसा, थेंब हळू ठेवा, ताप-नाडी-बीपी लिहा. ताप १ अंशानं चढून ३८ सेल्सिअसला पोचला तर पिशवी बंद, शीर चालू ठेवायला सलाईन, लेबल आणि गट पुन्हा तपासा. आणि ती पिशवी कचऱ्यात टाकू नका; नळीसकट, पेशंटच्या ताज्या नमुन्यासोबत रक्तपेढीत जाऊ द्या.