हप्ता हंगामाला जोडून घेतला

बचत गटातून छोटं कर्ज मिळत होतं, अडचण होती दरमहाच्या हप्त्याची. पीक हातात येईपर्यंत पैसा आणायचा कुठून? हप्ता थकला की सामूहिक हमीमुळे तो बाकीच्यांच्या गळ्यात, मग तोंड दाखवायची चोरी.

पेरणीपासून विक्रीपर्यंतचा महिनावार जमाखर्च कागदावर मांडून मी तो कर्ज देणाऱ्यांपुढे ठेवला: दरमहा फक्त व्याज, मुद्दल माल विकल्यावर. साहेब कुरकुरले, पण जमाखर्च समोर होता, मानले.

व्याजाचंही विचारून घ्या. १२ टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, ऐकायला गोड. पण वर्षभराचं कर्ज समान मासिक हप्त्यांत फेडलं, तर घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर, तोच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. एकूण परतफेडीचा आकडा मी सहीआधी लिहून घेतला.