ट्यूटोरियल बघून चित्र शिकायचं कसं? एका तांब्यापासून सुरुवात

चित्रकलेचे धडे आज फुकट आणि भरपूर मिळतात. इतके, की नवशिक्याचा निम्मा वेळ ते बघण्यातच जातो. बघताना सगळं कळतंही. शिकवणाऱ्याचा हात सराईतपणे फिरतो, चार रेषांत चेहरा उभा राहतो आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटतं. कागद समोर घेतला की मात्र हात अडतो, कारण डोळ्यांना जे कळलं ते हाताला अजून कळलेलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे: धडा जेवढ्या मिनिटांचा असेल त्याच्या तिप्पट वेळ हाताशी नसेल, तर तो उघडूच नये. प्रत्येक धडा तीनदा काढायचा. एकदा बघत, एकदा न बघता आणि एकदा आपल्या घरातल्या वस्तूवर.

साधनं जमवताना

सुरुवातीला पेन्सिल आणि कोरे कागद पुरतात. डिजिटलकडे वळायचं असेल तर संगणकावर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि व्यावसायिक कामालाही पुरून उरतं. फोनवर इबिसपेंट हे ॲप चालेल. प्रोक्रिएट उत्तम आहे, पण ते आयपॅड आणि आयफोनपुरतंच. फोनसाठी मिळणाऱ्या साध्या रबरी टोकाच्या पेनला दाब कळत नाही, त्यामुळे त्याने रेष जाड-बारीक होणार नाही. दाब ओळखणारा, संगणकाला जोडायचा बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट स्क्रीनवाल्या टॅब्लेटच्या मानाने स्वस्त पडतो. हात इथे आणि नजर तिकडे स्क्रीनवर, हे सुरुवातीला विचित्र वाटेल. थोड्या सरावाने त्याची सवय होते.

टॅब्लेट जोडल्यावर एक गोष्ट आधी तपासा. त्याच्या पृष्ठभागाचं प्रमाण आणि स्क्रीनचं प्रमाण जुळतं का? जुळत नसेल तर हाताने गोल काढला तरी स्क्रीनवर तो चपटा दिसतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये प्रमाण जुळवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा.

धडा निवडताना

वेग वाढवून दाखवलेली चित्रं बघायला छान वाटतात, पण तो धडा नव्हे. ज्यात शिकवणारा 'ही रेष इथे का' हे सांगतो, तो धडा. शीर्षकात एकच विषय असलेला निवडा: लंबगोल, धातूची चमक, कापडाच्या चुण्या. 'संपूर्ण चित्रकला एका तासात' असलं काही आलं की पुढे जा. पाया पक्का करायचा असेल तर ड्रॉअबॉक्स या संकेतस्थळाचे मोफत धडे चांगले आहेत. त्यातला एक नियम मला फार पटतो: चित्रांसाठी जेवढा वेळ काढाल त्यातला निम्मा सरावाला, निम्मा निव्वळ मनाला येईल ते काढायला.

आता तांब्या

शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांनी शाळेत अशी भांडी बरीच काढली असतील. गोल वस्तू कशी बसवायची, हे शिकायला पितळी तांब्यासारखी दुसरी वस्तू नाही. लंबगोलाचा एखादा धडा निवडा. पहिल्या वेळी तो थांबवत थांबवत, शिकवणाऱ्याच्या मागोमाग काढा. दुसऱ्या वेळी व्हिडिओ बंद. जिथे अडेल तिथे लगेच उघडून बघू नका. अडलेल्या जागी छोटी खूण करा, चित्र पूर्ण करा आणि मग नेमकं तेवढंच बघा. तिसऱ्या वेळी तांब्या टेबलावर ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या आणि समोर बसा.

आधी एक उभी मध्यरेषा. तांब्याची उंची आणि पोटाची रुंदी हात ताठ करून समोर पेन्सिल धरून मापा, कितीला किती आहे ते बघा. मग मध्यरेषेवर तीन आडवे लंबगोल बसवा: तोंडाचा, पोटाच्या सर्वांत रुंद भागाचा आणि बुडाचा. ऐंशी टक्के चित्रं इथेच बिघडतात असं मी म्हणेन, कारण तिन्ही लंबगोल सारख्याच चपटेपणाचे काढले जातात. खरं तर लंबगोल नजरेच्या पातळीपासून जितका खाली, तितका तो उघडा, गोलसर दिसतो. तोंड अगदी नजरेच्या पातळीवर असेल तर ते जवळजवळ सरळ रेष होतं. म्हणून बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा उघडा हवा, मग बुडाची मागची कड दिसत नसली तरी. आणखी एक: लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे येऊ देऊ नका. हात मनगटातून न फिरवता खांद्यातून फिरवा, कागदाला न टेकवता दोनदा हवेत गिरवा आणि मग एकदाच टेकवा.

हाच तांब्या स्क्रीनवर

क्रितामध्ये नवा कॅनव्हास घ्या. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. कच्च्या रेखाटनाचा एक लेअर करा आणि त्याची अपारदर्शकता (ओपॅसिटी) पाव इतकी ठेवा. त्यावरच्या नव्या लेअरवर पक्की रेष. रेषेखाली रंगाचा लेअर, त्यात तांब्याच्या पूर्ण आकारात एकच सपाट पिवळसर तपकिरी भरा. सावली त्याच लेअरवर देऊ नका. वर वेगळा लेअर घ्या, तो मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या पर्यायावर ठेवा आणि क्लिपिंग लावा, म्हणजे रंग आकाराबाहेर सांडत नाही. क्रितात यासाठी दोन्ही लेअर एका ग्रुपमध्ये घेऊन वरच्याला 'इनहेरिट अल्फा' लावावं लागतं. इबिसपेंटमध्ये क्लिपिंगचं बटणच आहे.

सावलीला काळा वापरला की पितळ मळकट दिसतं. गडद लालसर तपकिरी घ्या. आणि मऊ ब्रशने सगळीकडे हळुवार छटा पसरवण्याचा मोह आवरा. घासलेल्या पितळेवर उजेड आणि अंधार अगदी शेजारी-शेजारी, कडक कडेने बसतात. तिथे खिडकीचं प्रतिबिंब असतं, टेबलाचा रंग खालून उमटलेला असतो. समोर बघा आणि ते पट्टे आहेत तसे मांडा. पांढरा ठिपका शेवटी, एक किंवा दोन. जास्त दिले की ते प्लास्टिक वाटेल.

मधूनमधून दोन तपासण्या करा. क्रितात 'एम' कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखं उलटतं आणि वाकडी बाजू लगेच दिसते. दुसरी: सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवून त्याचा मोड 'कलर' करा. चित्र करड्या छटांत दिसेल. उजेड-अंधार तिथेही वेगळे ओळखू आले तर छटा बरोबर आहेत. नाहीतर रंग कितीही बदललेत तरी चित्र उठणार नाही.

व्हिडिओबाहेरचे शिक्षक

आपल्याकडे बघण्यासारखं खूप आहे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या गोव्याच्या चित्रांत नुसत्या शाईच्या रेषेने कौलं, सज्जे आणि गर्दी कशी भरली आहे ते बघा. चित्रकार दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात मिळाली तर साडीचा एक काठ, एक हात एवढाच भाग निवडून नक्कल करा. नक्कल हा जुना आणि चांगला अभ्यास आहे. फक्त ती कुणाला दाखवताना मूळ चित्रकाराचं नाव लिहायचंच, आणि धड्यावरून काढलं असेल तर शिकवणाऱ्याचंही.

जपून ठेवणं आणि पुढचा धडा

चित्र छापायचं असेल तर सुरुवातीलाच ए-4 आकार 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) घ्या, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. लहान कॅनव्हास नंतर ताणला की रेषा फुटतात. लेअरसकट फाइल केआरए या क्रिताच्या स्वरूपात ठेवा आणि पाठवायला पीएनजी ही साधी चित्र-फाइल वेगळी काढा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छापल्यावर मंद होतो, तेव्हा आधी एक नमुना प्रत काढून घ्या.

पुढचा धडा यादीतून निवडू नका. तिसरं चित्र भिंतीला लावून लांबून बघा आणि सर्वांत जास्त काय खटकतं ते एका ओळीत, तारखेसह, मागे लिहा. 'तांब्या टेबलावर टेकलेला वाटत नाही' असं लिहिलंत, तर पुढे बघायचा धडा जमिनीवर पडणाऱ्या सावलीचा. 'गळ्याची डावी-उजवी बाजू जुळत नाही' असेल, तर मध्यरेषा आणि समतोल. शोधतानाही तेच शब्द टाका.